एकाच खोक्यातले दहा पान्हे

लॅबमध्ये तिला सगळे रेघबाई म्हणत. पाठीमागे अर्थात, तोंडावर 'मॅडम'. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून तिला ते आवडलंही होतं, कारण ते खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं तिनं रेघा पाहण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. कुठे तिजोरीचं दार उचकटलेलं, कुठे तार कापलेली, कुठे कुलपाची कडी पिळून मोडलेली. ज्या हत्यारानं ते केलं ते जाताजाता धातूवर आपल्या बारीक रेघा ओढून जातं. पोलिसांनी पकडून आणलेल्या हत्यारानं शिशाच्या पट्टीवर तशाच रेघा ओढायच्या आणि दोन्ही मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवायच्या. तिचा मायक्रोस्कोप जोडमायक्रोस्कोप होता. खाली दोन वेगळे तुकडे, वर डोळ्याला एकच गोल, आणि गोलाच्या मधोमध एक काळी सीमा. डावीकडच्या रेघा त्या सीमेवरून पलीकडे जशाच्या तशा चालत गेल्या की जुळलं. नाही गेल्या की नाही जुळलं. इतकं ते सोपं होतं, आणि त्या सोपेपणावर तिचा फार जीव होता.

शेजारच्या टेबलावर बंदुकीच्या गोळ्या तपासणारा तिचा सहकारी बसायचा. त्याला सगळे काडतूस म्हणत. दिवसभर फुटेन फुटेन असं वाटायचं, पण फुटायचा कधीच नाही. नियमाप्रमाणे एकाच्या अहवालावर दुसऱ्याची सही लागे. तिच्या अहवालावर त्याची, त्याच्या अहवालावर तिची. सही करण्याआधी दुसऱ्यानं स्वतः मायक्रोस्कोपमधून पाहायचं असतं. काडतूस पाहायचा, पण दारातून डोकावून पाहुणे आलेत का बघावं, तेवढंच. "तुम्ही पाहिलंय ना," म्हणायचा, आणि सही ठोकायचा.

त्या वर्षी लॅबची बाहेरच्या लोकांकडून तपासणी व्हायची होती, आणि नव्या भरतीच्या चौघांना शिकवायचं काम रेघबाईकडे आलं. पहिला धडा ती नेहमी तोच द्यायची: हत्यारं दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाची रेघ वेगळी. या वेळी तिनं ठरवलं, नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. हार्डवेअरच्या दुकानातून तिनं एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले दहा पाइप पान्हे मागवले. लाल रंगाचे, नवे कोरे, जबड्यांवर अजून तेलाचा पातळ थर. तिनं प्रत्येकावर आकडा टाकला, प्रत्येकाच्या वरच्या जबड्यानं शिशावर रेघा ओढल्या आणि पहिला नमुना डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवला.

रेघा सीमेवरून सरळ पलीकडे गेल्या.

तिला वाटलं, आपण चुकून एकच तुकडा दोनदा ठेवला. मागचे आकडे पाहिले. एक आणि दोन. मग तीन लावला, मग चार. जेवणाची सुट्टी झाली, डबा तसाच राहिला. चार वाजेपर्यंत तिनं सगळे लावून पाहिले. दहांपैकी आठ पान्हे एकमेकांशी जुळत होते. नुसते साधारण नव्हेत, जसे जुळले म्हणजे ती अहवालात 'निश्चित' हा शब्द वापरायची, तसे. उरलेले दोन आठांशी जुळत नव्हते, पण आपापसांत जुळत होते.

ती खुर्चीत मागे टेकली. अशा वेळी माणसाला शास्त्र आठवावं, पुस्तकं आठवावीत. तिला आठवलं ते एक वाक्य. "या पान्ह्याखेरीज जगातल्या दुसऱ्या कोणत्याही हत्यारानं ही खूण उमटू शकत नाही." वाक्य तिचंच होतं. बारा वर्षांपूर्वी तिनं ते कोर्टात उच्चारलं होतं, स्वच्छ आवाजात, आणि न्यायाधीशांनी ते निकालपत्रात जसंच्या तसं उतरवलं होतं.

प्रकरण असं होतं. एक निवृत्त संगीतशिक्षिका, सत्तरीची, दुमजली घरात एकटी राहायची. सकाळी शेजारणीला तिच्या दाराची पितळी मूठ पिळून तोडलेली दिसली. बाई जिन्याखाली पडलेली होती, डोक्याला मार लागून गेलेली. कपाटं उघडी. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला एक नळवाला आला होता, आणि त्याच्या पिशवीत पाइप पान्हा होता. पान्ह्यावर पितळेचे कण सापडले, याचाही त्या वेळी बोलबाला झाला. नळवाल्याच्या पान्ह्यावर पितळ नाही सापडणार तर काय सापडणार, हे कुणी विचारलं नाही. चोरीचा माल त्याच्याकडे मिळाला नाही. त्या रात्री तो घरी झोपलेला होता, असं त्याची बहीण म्हणाली. बहिणीच्या साक्षीला किंमत किती ते सगळ्यांना ठाऊक असतं. उरली ती मूठ. मुठीवर पान्हा घसरला होता तिथे सतरा रेघा होत्या, आणि त्या सतराच्या सतरा रेघबाईनं जुळवून दाखवल्या. नळवाल्याला जन्मठेप झाली. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं रेकॉर्डरूममधून ती फाइल काढली. मुठीचा रबरी ठसा अजून डबीत होता, फोटो होते, तिनंच लाल बाण काढलेले. त्या बाणांकडे ती आता वेगळ्या नजरेनं पाहत होती. वापरून वापरून हत्याराला जे टवके पडतात, त्यांच्या रेघा आखूड असतात, तुटक, वेड्यावाकड्या. तिनं बाण काढलेल्या रेघा तशा नव्हत्या. त्या दाताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या गेलेल्या होत्या, आज तिच्या दहा पान्ह्यांवर होत्या तशा. सतरापैकी एकही आखूड नव्हती.

फाइलच्या शेवटी एक पत्र लावलेलं होतं. वहीच्या कागदावर, टपोऱ्या अक्षरात. नळवाल्याच्या बहिणीनं निकालानंतर दोन महिन्यांनी लॅबला लिहिलेलं. ती शिवणकाम करते, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. मग लिहिलं होतं: 'माझ्या भावानं तो पान्हा घेतला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी दोघांनी त्याच खोक्यातून पान्हे घेतले होते. एक त्याचा जोडीदार, एक मुलांच्या शाळेचा शिपाई. ते पान्हे सगळे सारखेच आहेत. माझ्या मशीनला एका डब्यातल्या सुया लावल्या तर टाका सारखाच पडतो. तुम्ही ते दोन पान्हे पण तपासून बघावेत ही विनंती.'

पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन शब्द लिहिले होते: 'उत्तराची आवश्यकता नाही.' खाली छोटी सही. स्वतःचं अक्षर ओळखायला तिला मायक्रोस्कोप लागला नाही.

त्या आठवड्यात ती पत्रातल्या शिपायाच्या शाळेत गेली. जुना शिपाई निवृत्त झाला होता. नव्यानं तिला पंपाच्या खोलीत नेलं. भिंतीवर खिळ्याला तो पान्हा टांगलेला होता, लाल रंग फिका पडलेला, पण जबडा जवळजवळ कोराच. शाळेच्या नळांना वर्षातून दोनदा पान्हा लागायचा, आणि तेव्हाही बाहेरचा माणूस आपला घेऊन यायचा, असं शिपाई म्हणाला. तिनं तिथंच रबरात त्याचा ठसा घेतला, लॅबमध्ये येऊन मुठीच्या ठशाशेजारी लावला, आणि रेघा मोजल्या.

सतरा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असंच, तिला वाटलं, आणि लगेच हेही वाटलं की संन्यासी की चोर हे तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे. तो पान्हा त्याचा नव्हताच, असंही आता म्हणता येत नव्हतं. काहीच म्हणता येत नव्हतं. बारा वर्षांपूर्वीही येत नव्हतं, आणि तिनं जगातल्या सगळ्या हत्यारांविषयी म्हटलं होतं.

तिचे वडील तिच्याचजवळ राहत. आई गेल्यापासून घरात दोघंच होती. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि त्यांनीही तो विषय पंधरा वर्षांपूर्वी सोडून दिला होता. वडिलांनी एकतीस वर्षं हत्यारांच्या कारखान्यात मशीनवर काम केलं होतं. उजव्या हाताची करंगळी तिथंच ठेवून आले होते. मुलगी शिकली, पांढरा कोट घालून कोर्टात साक्ष देते, याचा त्यांना इतका अभिमान होता की ते तिच्या कामाविषयी तिच्याशी कधी बोलतच नसत. देवघरातल्या वस्तूला हात लावू नये, तसं काहीतरी.

संध्याकाळी तिनं दोन नवे पान्हे त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चष्मा लावला, एक उचलला, अंगठ्याचं नख जबड्याच्या दातांवरून आडवं फिरवलं, मग दुसऱ्यावरून.

"एकाच ब्रोचचे आहेत," ते म्हणाले.

तिनं विचारलं, म्हणजे काय. त्यांनी टेबलावरची फूटपट्टी घेऊन दाखवलं. ब्रोच म्हणजे हातभर लांबीची पोलादी कानसच, फक्त दात मोठे. मशीन ती एका दमात जबड्यावरून ओढते आणि सगळे दात एकदम कापून निघतात. ब्रोचच्या धारेला जे बारीक खाचखळगे असतात ते प्रत्येक जबड्यावर उतरतात. एका धारेत चारशे-पाचशे जबडे निघतात. मग धार लावायची, की रेघ बदलली. पुढचे पाचशे वेगळे. "एका घाण्यातले सगळे भाऊ भाऊच असतात," ते म्हणाले. "तपासणीला आम्ही नखच फिरवायचो. कोणत्या पाळीचा माल ते नख सांगायचं."

मग तिनं त्यांना नळवाल्याचं प्रकरण आठवतं का विचारलं.

वडिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"पेपरात आलं होतं," ते म्हणाले. "तुझा फोटो होता. कात्रण ठेवलंय मी."

"काय आलं होतं त्यात, आठवतं?"

"आठवतं."

"मी काय म्हणाले होते?"

"दुसऱ्या कुठल्याच पान्ह्यानं होणार नाही म्हणालीस."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, बाबा?"

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मला वाटलं, तुमच्याकडे मोठी यंत्रं असतात. आम्हाला नखाला जे लागत नाही ते तुम्हाला दिसत असेल. तू शिकलेली. मी सातवी. मी काय सांगणार तुला?" मग म्हणाले, "दोन दिवस मनात घोळत होतं. विचारावं म्हटलं. पण तू इतकी खूश होतीस."

तिला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं त्यांना कधी विचारलं होतं? एकतीस वर्षं ज्या माणसानं ती खूण स्वतःच्या हातानं पाडली, तो रोज तिच्यासमोर बसून जेवत होता, आणि ती ती खूण पुस्तकातून शिकली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? त्या दिवशी दोघंही न जेवता झोपायला गेली. झोप कुणालाच लागली नसावी, कारण पहाटे दोघंही एकदमच चहा करायला उठली आणि ओट्यापाशी एकमेकांना वाट देत उभी राहिली.

लॅबचे संचालक वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले, शाळेतल्या पान्ह्याचा ठसाही पाहिला. मग दार लावून घेतलं.

"हे एक प्रकरण नाही," ते म्हणाले. "तुमच्या सहीचे पान्हे, पकडी, कटर मिळून किती अहवाल असतील?"

तिनं आकडा सांगितला. तिनं तो आधीच मोजला होता. दोनशे बारा.

"आणि काडतूससाहेबांच्या बंदुका? त्यांच्याही नळ्या मशीननंच कापतात ना? उद्या प्रत्येक वकील उठेल. पंचवीस वर्षांचं काम मातीत जाईल." ते खुर्चीत पुढे वाकले. "झाकली मूठ राहू द्या. तुम्ही एक टिपण लिहा, शास्त्रीय, सर्वसाधारण. यापुढे काय काळजी घ्यावी असं. मी ते वर पाठवतो. मागचं काढू नका."

"मागे एक माणूस आत बसलाय, सर."

"तो कदाचित खराच गुन्हेगार असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण ते मला माहीत नाही, आणि मी माहीत आहे म्हणून सांगितलंय."

त्यांनी तिला दोन दिवस विचार करायला सांगितलं. तिनं ते घेतले, कारण तिला भीती वाटत होती, हे तिनं पुढे कधी नाकारलं नाही. ती काडतूसकडे गेली. तुमचीही सही आहे त्यावर, म्हणाली. माझ्याबरोबर पत्रावरही करा. काडतूसनं मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं नाही. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. "मी पाहिलं नव्हतं हो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही पाहिलंय म्हणून मी केली. आता पाहिलं नव्हतं असं लिहून देऊ?" सगळ्या लॅबला माहीत असलेली गोष्ट त्यानं पहिल्यांदा तोंडानं उच्चारली होती, आणि तीही अशा वेळी, जेव्हा तिचा काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिनं वरच्या कोर्टाला आणि नळवाल्याच्या वकिलाला पत्र पाठवलं. एकटीच्या सहीनं. आठवड्याभरात तिची बदली झाली. पदोन्नतीच म्हणा हवं तर. कागदावर तसंच लिहिलं होतं. काम रेकॉर्डरूममधल्या फायलींना नवे क्रमांक देण्याचं. चौघा नव्यांना शिकवायला काडतूस गेला, आणि त्यानं पहिला धडा तोच दिला जो ती द्यायची. दहा पान्हे कपाटात कुलूपबंद झाले.

सुनावणी सात महिन्यांनी लागली. सरकारी वकील तरुण होता. मूळ खटल्याच्या वेळी तो कॉलेजात असावा. त्याच्या हातात तिची जुनी साक्ष होती. त्यानं ते एक वाक्य तिला मोठ्यानं वाचायला लावलं. तिनं वाचलं.

"हे आपण शपथेवर सांगितलं?"

"हो."

"आणि आज शपथेवरच सांगता की ते चूक आहे. मग कोर्टानं काय समजायचं? आपण तेव्हा खोटं बोलत होतात की आज?"

"तेव्हा चुकत होते. खोटं बोलायला आधी खरं ठाऊक असावं लागतं."

"तेव्हाही आपल्याला खात्री होती?"

"पूर्ण होती."

"आजच्याइतकीच?"

खोलीत कुठेतरी पंखा कुरकुरत होता. "आजच्यापेक्षा जास्त," ती म्हणाली.

मागच्या बाकावर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी एका पेपरात तिच्याविषयी चौकट आली. हात दाखवून अवलक्षण, असा मथळा होता. तिचे वडील रोज सकाळी पेपर तिच्याआधी वाचायचे. त्या दिवशी त्यांनी तो तिच्यासमोर न ठेवता घडी करून गादीखाली सारला. तिनं तो कोपऱ्यावरच्या दुकानात आधीच वाचला होता.

कोर्टानं नळवाल्याला सोडलं. निकाल चार पानांचा होता. त्यात तो निर्दोष आहे असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. मुठीवरच्या खुणेचा पुरावा वगळला तर उरलेला पुरावा शिक्षेस पुरेसा नाही, आणि भोगलेली शिक्षा ध्यानात घेता फेरखटला चालवण्यात अर्थ नाही, एवढंच. संगीतशिक्षिकेच्या भाच्यानं कोर्टाबाहेर सांगितलं की त्याच्या मावशीला दुसऱ्यांदा मारलं. त्याचंही चुकलं असं रेघबाईला म्हणता येईना. बारा वर्षं त्या माणसानं एक चेहरा डोळ्यांसमोर ठेवून आपला राग जपला होता. तो चेहरा आता काढून घेतला, आणि त्या जागी दुसरा कुणी दिला नाही.

ती नळवाल्याला भेटायला गेली, त्याला सुटून महिना झाल्यावर. जाऊ नको, असं वडील म्हणाले होते. "तुला जायचंय ते त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?" त्यांनी विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

तो बहिणीकडे राहत होता. खाली शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या. बहिणीनं दार उघडलं. गळ्यात मापाची टेप होती, ओठांत दोन टाचण्या. तिनं रेघबाईला ओळखलं. टाचण्या काढून तिनं दंडाला लावलेल्या पिनकुशनमध्ये खोचल्या, सावकाश, एकेक, आणि मगच बोलली.

"पत्र पोचलं होतं का हो माझं?"

"पोचलं होतं."

"वाचलं होतं?"

"वाचलं होतं," रेघबाई म्हणाली.

बहिणीनं मान हलवली. इतकी वर्षं तिनं पोस्टाला दोष दिला होता. ती बाजूला झाली आणि वरच्या जिन्याकडे बोट दाखवलं. ये, बस, असं काही म्हणाली नाही.

नळवाला खिडकीपाशी बसून काजं करत होता. शर्टांची काजं. मोठे, जाड, पान्हा धरणारे हात, त्यांत बारीक सुई. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस साठीचा दिसत होता. त्यानं तिला बसायला सांगितलं नाही, पण समोरच्या स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले. ती बसली. बोलायचं तिनं पाठ केलं होतं, आणि ते तिनं म्हटलंही: तिनं कशी चूक केली, तिला कसं कळलं, तिला किती वाईट वाटतं. म्हणतानाच तिला ते साक्षीसारखं ऐकू आलं.

त्यानं सगळं ऐकलं. सुई चालूच होती. नळाची कामं परत सुरू केलीत का, असं तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"घरात कोण घेणार मला?" तो म्हणाला. "नळ दुरुस्त करायला घरात शिरावं लागतं."

मग त्यानं दोरा दातानं तोडला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"बाई, एक सांगतो. तुम्ही म्हणालात मी केलं, तर सगळ्यांनी खरं मानलं. आता तुम्ही म्हणालात तसं सांगता येत नाही, तर तेही सगळ्यांनी खरं मानलं. मी बारा वर्षं तेच सांगत होतो. रोज. भिंतीलासुद्धा. माझं कुणी मानलं नाही. आजही माझं मानून सोडलेलं नाही मला. तुमचं मानून सोडलंय."



"मी केलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही तरी मानता का?"

ती हो म्हणू शकली असती. हो म्हणायलाच ती आली होती कदाचित. पण पंचवीस वर्षांची सवय म्हणा, किंवा एकदा पोळलेली जीभ म्हणा, तिला तो शब्द उचलता येईना. ज्याचा पुरावा डोळ्यांनी पाहिला नाही ते सांगायचं नाही, असा तिनं कानाला खडा लावून घेतला होता, आणि तो खडा आता नेमका इथं टोचत होता. ती नुसती बघत राहिली. त्यानं दोन क्षण वाट पाहिली, मग दुसरा शर्ट उचलला.

"परत येऊ नका," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला दुकान बंद झालं असं सांगावं, तसं.

खाली बहीण मशीन चालवत होती. तिनं मान वर केली नाही. रेघबाई रस्त्यावर आली आणि बसथांब्याच्या उलट दिशेनं बरीच चालत गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

घरी आल्यावर वडिलांनी काय झालं ते विचारलं नाही. जेवताना तिनंच सांगितलं, सगळं, शेवटच्या प्रश्नासकट. "हो म्हणायचं होतंस," वडील म्हणाले. ती म्हणाली, मला माहीत नव्हतं. "मला पण माहीत नव्हतं तेव्हा," ते म्हणाले, "म्हणून गप्प बसलो. माहीत नसलं की गप्प बसावं, हेसुद्धा नेहमी खरं नसतं, बाळा." ती रडली. ते उठून तिच्या पाठीवर हात फिरवायला आले नाहीत; ती त्या घराची रीत नव्हती. त्यांनी तिच्या ताटातली भाजी झाकून ठेवली.

पुढे दीड वर्षानं लॅबच्या अहवालाचा छापील नमुना बदलला. 'जगातल्या दुसऱ्या कोणत्याही हत्यारानं' जाऊन त्या जागी 'उपलब्ध माहितीच्या मर्यादेत' असं आलं. कशामुळे बदलला ते परिपत्रकात नव्हतं. जुन्या प्रकरणांची फेरतपासणी करावी, या तिच्या अर्जावर 'मनुष्यबळाअभावी शक्य नाही' असा शेरा आला. काडतूस निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याच्या अचूकपणाविषयी तिघं बोलले.

तिनं मग घरीच काम सुरू केलं. साक्षीसाठी काढलेल्या फोटोंच्या प्रती तिच्याकडे होत्या. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून ती त्यावर फोटो मांडते आणि वडील भिंग घेऊन बसतात. ऐंशी पार केली आहे त्यांनी, पण मशीनची रेघ कोणती आणि वापराची कोणती, हे ते अजून चटकन सांगतात. "ही आमची," ते मशीनच्या रेघेवर बोट ठेवून म्हणतात. कारखाना सोडून वीस वर्षं झाली तरी अजून 'आमची'च. बहुतेक अहवाल ठीक निघाले. आखूड, तुटक, वापरलेल्या हत्याराच्या खऱ्या रेघा. असा एखादा निघाला की दोघंही श्वास सोडतात आणि ती पुढचा फोटो मांडते.

दोनशे बारांपैकी एकशे चाळीस झाले तोवर असे तीन सापडले, ज्यांत सगळ्या रेघा वडिलांच्या होत्या. तिनं तिन्ही कोर्टांना पत्रं लिहिली. एकाचं अजून उत्तर नाही. दुसरं प्रकरण साध्या चोरीचं होतं. माणूस केव्हाच सुटून परगावी गेला होता, पत्ता लागला नाही. तिसऱ्याचं उत्तर लवकर आलं. दोनच ओळी होत्या. संबंधित कैदी सहा वर्षांपूर्वी तुरुंगात आजारपणानं मरण पावला असल्यानं अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

तिनं ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, त्याचं कुणी आहे का मागे. पत्रात लिहिलेलं नाही, असं ती म्हणाली. मग फाइल उघडून तिनं जुन्या कागदांतून त्या माणसाच्या घरचा पत्ता शोधायला घेतला.